सरांच्या चित्रातलं पाणी

आमच्या ड्रॉइंगच्या सरांइतका पाण्याचा दुस्वास करणारा माणूस उभ्या मराठवाड्यात सापडायचा नाही, आणि हा माणूस राहतो कुठे, तर अहमदपुरात, जिथे टँकरचा हॉर्न वाजला की लोक ताटावरून उठतात. दुस्वास अर्थात चित्रातल्या पाण्याचा. निसर्गचित्र काढा म्हटलं की आम्ही पोरं दोन डोंगर, मधे सूर्य, सूर्यातून निघालेली नदी आणि काठावर नारळ काढत असू. सर कागद उचलून शांतपणे विचारायचे, "कुठं पाहिलंस रे हे?" नारळाला शून्य, नदीला त्याहून कमी. स्वतः ते समोर उभं राहून दिसेल तेवढंच काढत, आणि समोर असायचं नांगरलेलं काळं रान, एखादी बाभूळ, वर पांढरं ऊन. भाचीच्या लग्नात त्यांनी असंच एक रान फ्रेम करून आहेरात दिलं. नव्या संसाराला हे उजाड कशाला, म्हणून मुलाकडच्यांनी ते मांडवातच भिंतीकडे तोंड करून ठेवलं. सर म्हणाले, रान कळायला वेळ लागतो, आणि आणखी जिलबी मागून घेतली.

निवृत्तीनंतर मुलानं पुण्याहून मोठा टीव्ही आणून दिला आणि त्यात एक परदेशी चित्रकार सापडला. भिंत रंगवायच्या ब्रशएवढा ब्रश घेऊन तो अर्ध्या तासात तळं, बर्फ, देवदार सगळं उभं करायचा. सर रोज दुपारी त्याला शिव्या घालायला बसत. "झाडं लावून राहिला, बुडाला माती कुठंय त्याच्या?" पण एक भाग चुकवतील तर शपथ. मी समोरच राहतो, त्यामुळे चहाला बोलावून या खटल्यात मला साक्षीला बसवत. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, मात्र त्या चित्रकारावर बेहद्द खूश. संसारभर त्यांची एकच मागणी होती, बैठकीत एखादी तळ्याची सीनरी असावी. 'सीनरी' हा शब्द ऐकला की सर उठून जात.

मग काकूंच्या किडन्या गेल्या. लातूरला डायलिसिस सुरू झालं. पाणी मोजून, वाटीनं. ऐन उन्हाळ्यात जीभ कोरडी पडलेली, साखरेच्या आजारानं नजर आधीच अधू, आणि काकू टीव्हीपुढे खाट ओढून घेऊन ते परक्या मुलखातलं तळं बघत पडलेल्या असत. एकदा सर नेहमीसारखे त्याला झोडपायला लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, "पिऊ देत न्हाईत, बघू तरी द्या की."

दुसऱ्या दिवसापासून सर त्याच चित्रकाराला रिमोटनं थांबवून थांबवून बघू लागले, पहिल्या बाकावरच्या पोरासारखे. पाण्यावर त्यांचा हात कधी चाललाच नव्हता. कागदामागून कागद फाडले. त्या माणसाचं पाणी आपल्या चित्रात चोरून आणल्यासारखं वाटतं, म्हणाले. शेवटी जन्माच्या सवयीनं बोर्ड बगलेत मारून गावाबाहेरच्या तळ्यावर गेले. तळं आटलेलं. दुसरा कोणी निळा रंग फासून मोकळा झाला असता. सर भेगाळलेल्या गाळासमोर उभे राहिले आणि दिसलं तेच काढून घरी घेऊन आले. मला त्यांचा इतका राग आला, की चहा तसाच टाकून मी उठणार होतो.

काकूंनी चित्र डोळ्यांजवळ नेलं. करड्या गाळावर सरांनी ऊन काढलं होतं, त्यावरून बोट फिरवलं. "पाणी लई छान काढलंत," त्या म्हणाल्या. "कसं चमकून राहिलंय."

जन्मभर पोरांच्या नारळांना शून्य देणारा माणूस खाली बघत म्हणाला, "व्हय."

काकूंना खरंच पाणी दिसलं, की त्यांनी नवऱ्याचं मन राखलं, मला अजून ठाऊक नाही. विचारायचं धाडस झालं नाही आणि पुढे वेळही उरला नाही. उन्हाळा सरायच्या आत काकू गेल्या. शेवटपर्यंत चित्र त्यांच्या खाटेसमोर होतं.

तेराव्याला बिलोलीहून आलेले काकूंचे धाकटे भाऊ जेवण झाल्यावर बैठकीत ते चित्र बघत बसले. टीव्ही बंद होता. थोड्या वेळानं ते म्हणाले, "दाजी, तळं तर कोरडं हाय."

सर चष्मा पुसत होते.

"न्हाई," ते म्हणाले. "पाणी हाय त्यात. तुझ्या अक्कानं बघितलंय."