कुलूपअण्णांची पेटी

अण्णांच्या जानव्याला पाण्याच्या टाकीची किल्ली बांधलेली असायची. चिकलठाण्याच्या आमच्या गल्लीत तेव्हा आठवड्यातून एकदा पाणी यायचं. टाकी भरली की अण्णा गच्चीवर येऊन झाकणाला कुलूप घालायचे, तीनदा ओढून बघायचे आणि अर्ध्या जिन्यातून चौथ्यांदा ओढायला परत यायचे. त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही नवराबायको भाड्यानं राहत होतो. गल्ली त्यांना कुलूपअण्णा म्हणायची, अर्थात ते खाली गेल्यावर.

सरकारी कचेरीतल्या रेकॉर्डरूममध्ये त्यांची नोकरी झालेली. रिटायर झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि घरातला कागदन् कागद स्कॅन केला. पण उचलला कागद आणि चढवला इंटरनेटवर, हे त्यांना नामंजूर. आधी घरच्या कॉम्प्युटरवर फायलींची पेटी करायची, पासवर्ड घालून बंद करायची आणि मग ती बंद पेटीच वर पाठवायची.

त्यांचा मुलगा वैतागायचा. "अण्णा, कंपनी लावते की कुलूप."

"आणि किल्ली?"

"ती कंपनीकडंच असते."

"मग आपल्या टाकीची किल्लीही टँकरवाल्याकडं देऊन ये."

मुलगा त्या साठवणीला क्लाऊड म्हणायचा. "तो म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर," अण्णा म्हणायचे. "आणि या जिल्ह्यात ढगावर विसंबलेला एक माणूस दाखव मला."

त्यांनी सगळ्या गल्लीला हे शिकवलं. गल्ली शिकलीही. समोरच्या वहिनींनी पासवर्ड कॅलेंडरवर गॅसच्या तारखेखाली लिहून ठेवला. कोपऱ्यावरच्या शिंपीमास्तरांनी स्वतःचा मोबाइल नंबर घातला, तोच त्यांच्या दुकानाच्या पाटीवर होता. बाकीचे आपापला पासवर्ड अण्णांनाच सांगायला यायचे, विसरू नये म्हणून. अण्णा कानांवर हात ठेवून घरात पळायचे.

मी आठवीत शाळा सोडलेली. शेंद्र्याला कारखान्यात पॅकिंगच्या कामावर जायचे. कॉम्प्युटरला हात लावायचा म्हणजे काहीतरी मोडेल, अशी धास्ती. अण्णांनी माझा शाळा सोडल्याचा दाखला स्कॅन केला आणि खुर्ची माझ्याकडं सरकवली. "तुझा पासवर्ड तू घाल. मला सांगू नको, मी रोज दोन तास टपरीवर बसतो."

"आन् इसरले तर, अण्णा?"

"मग मीही उघडू शकणार नाही. म्हणून विसरणार नाहीस असं घाल. आणि लांब घाल."

ते भिंतीकडं तोंड करून बसले. वडलांची मेंढरं वाड्यात शिरायची, त्या क्रमानं मी त्यांची नावं टाकली. अण्णा पाठमोरेच म्हणाले, "बटणं कमी वाजली. अजून लांब." मी आणखी भर घातली.

पुढच्या उन्हाळ्यात चारा उरला नाही, तेव्हा गावाकडं ठेवलेला खरा दाखला वडलांच्या शेळीनं खाल्ला. माझ्या शिक्षणाचा घरात कुणाला उपयोग झाला असेल तर तिला.

मग आम्ही कामासाठी तमिळनाडूत होसूरला आलो. तिथंच अण्णा गेल्याचा फोन आला. महिन्याभरानं त्यांच्या मुलाचा. "ताई, अण्णांच्या पेटीचा पासवर्ड तुम्हाला सांगितला होता का? टाकीचं कुलूप हातोड्यानं तोडलं, पण हे काय तुटत नाही." मला कसा सांगतील?

होसूरच्या कंपनीनं मला कायम करायचं ठरवलं आणि शनिवारपर्यंत दाखला मागितला. शाळा तर केव्हाच बंद पडलेली. मी क्लाऊडवरून माझी पेटी मोबाइलवर उतरवून घेतली. काळी, बांडी, चांदी, मोरी, भुरी. उघडेना. क्रम बदलून पाहिला. उघडेना. शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत डोळे मिटले आणि वाड्याच्या दारात उभी राहिले. पाच आत गेल्या. त्यांच्या मागून वडील आले, खांद्यावर लंगडीला घेऊन. ती कधी चालत आत गेलीच नव्हती, म्हणून मोजण्यात येत नव्हती.

सहावं नाव टाकलं. पेटी उघडली.

दाखल्याच्या कोपऱ्यात स्कॅनमध्ये आलेला एक अंगठा होता. घडी पडलेला कागद सपाट राहावा म्हणून अण्णांनी तो दाबून धरला होता. कंपनीतला माणूस म्हणाला, हा अंगठा कापून परत पाठवा. त्याला तशी प्रत पाठवली. माझ्याकडची अंगठ्यासकट पुन्हा बंद केली, आणि तीनदा उघडून बघितली.