हिरानं घरोघर आमंत्रण दिलं

सोमवारी दुपारी तीनच्या खेळाला कल्याणच्या त्या थिएटरात माझा दीर हिरा आणि मी, दोघंच होतो. पडद्यावर हत्ती धावत होते, किल्ला जळत होता. मॅनेजर येऊन म्हणाला, "शेठ, दोघांसाठी काय चालवायचं? बंद करू?"

हिरा म्हणाला, "चालू ठेव. एक पाहुना आला तरी पान वाढतात."

त्या सिनेमाला पैसा हिरानं घातला होता, आणि त्यात शहाडकडची आमची सगळी जमीन गेली होती. त्याचा हिस्सा आणि माझ्या मेलेल्या नवऱ्याचाही. शिवाय राहतं घर तारण. हिराची बायको सुमन नको नको म्हणत होती. तिचं कोणी ऐकलं नाही, मीही नाही. सही मी केली. चौथी शिकले आहे, वाचता येतं. कागद वाचला नाही, हा दोष माझा.

हिरा लबाड नव्हता. त्याला मोठेपणाची हौस होती. निर्माता पन्नास घोडे म्हणाला की हा म्हणायचा, "शंभर आन. लोक काय बोलतील?"

आमच्याकडे हळदीला अख्खं गाव जेवतं. सिनेमा लागायच्या आदल्या दिवशी हिरानं तसंच केलं. दिवसभर थिएटर भाड्यानं घेतलं आणि त्याआधी अक्षता घेऊन स्वतः पाच गावांत घरोघर फिरला. गाड्या भरून लोक आले, बघून, जेवून गेले. मी म्हटलं, "अरे, सगळे आजच बघून गेले तर उद्या तिकीट कोण काढील? हत्ती?"

"वैनी, माझ्या मांडवात मानूस पैसे देऊन जेवंल?"

शुक्रवारी थिएटर ओस पडलं. बाकीच्या शहरांतही सिनेमा चालला नाही, तेव्हा आमच्या गावांनीच पाडला असं मी म्हणणार नाही. पण शनिवारी शेजारची सून दारात आली. "शेठ, परत कवा दाखवनार? माझी सासू राहिली ना बघायची."

"तिकीट काढून बघा की," मी म्हणाले.

"वैनी, गप!" हिरा ओरडला. मग तिला म्हणाला, "उद्या आन तिला." तिकिटं त्यानंच काढली.

मंगळवारी सिनेमा उतरला. पुढे घर गेलं. निर्माता दुसऱ्या सिनेमाला लागला. लोक अजून त्या जेवणाच्या दिवसाचं कौतुक करतात. हिरा दोन वर्षांत वारला.

सुमन आणि मी आहोत. दिवा स्टेशनजवळ भाड्याच्या खोलीत राहतो.