आधी चपला, मग क्रेन

हिराजीभाऊंची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली, आणि भांडण मी काढलं होतं.

सत्कार समितीची मंडळी घरी आली तेव्हा म्हणाली, "आजी, भाऊंना साठ पुरी होतायत. गौरव अंक काढतोय. तुम्ही पंधरा वर्षं त्यांच्या हाकेला जाताय, तर तुमचा लेख पाहिजेच. पहिल्या ओळखीपासून लिहा." म्हणून खरं तेच लिहिते. माझी शाळा तिसरीपर्यंतची. वही नातीची आहे, अक्षर माझं आहे. चुकलं तर नातीला बोला, तपासायला तिलाच दिलंय.

तर भांडण. माझं माहेर पेणकडचं, खाडीकाठचं. आमच्याकडे सगळे मिठागरातले. सासर कोलाडजवळचं, हायवेला लागून शेत. पावसाळ्यात भात, भात निघालं की वाल. त्या वर्षी वाल फुलावर आलेले आणि सकाळीच एक ट्रक हायवेवरून घसरून आमच्या शेतात आडवा झाला. ड्रायव्हर बिचारा ठीक होता, बांधावर बसून पाणी पीत होता. थोड्या वेळाने क्रेन आली. तिच्यातून निळ्या सदऱ्याचे एक गृहस्थ उतरले आणि सरळ वालातून चालत निघाले.

मी ओरडले, "ओ क्रेनवाले! डोळे हायत ना? वाल हायत ते!"

ते थांबले. खाली बघितलं. मग आले त्याच पावलांच्या ठशांवर एकेक पाय ठेवत मागे मागे बांधावर गेले. तिथून म्हणाले, "चुकलं गो बाय. आता तूच सांग, गाडी कुठल्या अंगानं ओढू म्हंजे तुझे वाल कमी मरतील?"

लग्न होऊन मी त्या शेतात आले त्याला तेव्हा तीस वर्षं झाली होती. कुठून काय करू असं मला त्या शेतात कोणी विचारलं नव्हतं. आमच्या ह्यांनीही नाही. मी जरा गडबडलेच. मग एक कोपरा दाखवला, तिथे पाणी साचतं आणि वाल धरत नाहीत. भाऊंनी गाडी तिथूनच काढली. माझ्या दोन ओळी गेल्या, बाकी सगळे वाचले. त्या वर्षीच्या वालाच्या बिरड्याला भाऊंना जेवायला बोलावलं होतं, पण ते पुढे.

त्या गाडीत तांदळाच्या गोणी होत्या. भरलेली गाडी उचलली की पट्टा तुटतो, म्हणून माल आधी उतरवावा लागतो. भाऊंनी विचारलं, "चार हात मिळतील काय?" मी आजूबाजूच्या शेतांत हाक मारली. सात जणी आल्या. एका गोणीला दोघी, असं करत आम्ही सगळा तांदूळ बाहेर काढला आणि माझ्या माहेरच्या सवयीने त्याची रास रचली. मिठाची रचतात तशी, खाली रुंद, वर निमुळती. एक गोण वाकडी नाही. मी कौतुकाने बघत उभी.

भाऊ आले, रास बघितली, डोकं खाजवलं. "बाय, रास लय झकास झाली गो. पन माझ्या क्रेनचे पाय जिथं टेकायचे ना, नेमकी तिथंच झाली. आता क्रेन काय राशीवर बसवू?"

सपाट कोरडी जागा तेवढीच होती. मिठागरातली बाई रास नेहमी सपाट कोरड्या जागीच घालणार, आणि क्रेनवाल्यालाही तीच जागा पाहिजे. सगळ्या गोणी परत उचलल्या. शेजारची रखमा आजपर्यंत मला त्यावरून टोमणे मारते. पण भाऊंनी त्या दिवसापासून एक रीत पाडली. क्रेन उभी करायच्या आधी ते फक्कीने जमिनीवर दोन चौकोन आखतात आणि हाक मारतात, "हे माझे पाय, ती तुमची रास!" आता नवीन बाई आली की तिला आधी हे चौकोन शिकवतो.

तेव्हापासून आमचं हे काम सुरू झालं. ठरलेली वेळ नाही, ठरलेला दिवस नाही. भाऊंचा फोन येतो, "बाय, वाकणजवळ गाडी झोपलीय, चला." आमच्यात आडव्या झालेल्या गाडीला झोपली म्हणतात. पेणपासून कोलाडच्या पुढेपर्यंत कुठेही. भाऊ रोह्याच्या नदीपलीकडे अष्टमी गावात राहतात. पूल ओलांडून रोह्यातून ते येतात, मग आम्हाला टेम्पोत घेतात. पिठाचे हात तसेच घेऊन गेलेय मी. पुतणीच्या हळदीतून गेलेय, तोंड पिवळं. ट्रकचा ड्रायव्हर मला बघून घाबरला होता.

भाऊंच्या सचोटीबद्दल लिहा असं समितीने सांगितलंय, तर माझ्याच चोरीची गोष्ट लिहिते. एकदा बिस्किटांची गाडी झोपली. रस्ताभर पुडे. आजूबाजूची माणसं पिशव्या घेऊन धावली. माझा नातू तेव्हा लहान होता, मीही दोन पुडे पदरात बांधले. भाऊ लांबून म्हणाले, "बाय, पदर जड झाला काय गो?" बाकी काही नाही. मी पुडे परत ठेवले, आणि माझं बघून आणखी दोघीतिघींनी ठेवले. पिशव्या घेऊन आलेल्यांना भाऊ म्हणाले, "ड्रायव्हर दवाखान्यात हाय. मालकाला जाब त्यालाच द्यायचा हाय." काही लाजले, काही नाही लाजले. दुसऱ्या दिवशी भाऊ घरासमोरून जाताना थांबले आणि अष्टमीच्या दुकानातून विकत घेतलेले दोन पुडे नातवाच्या हातात दिले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कोणाची लाज कशी राखायची हे त्यांना कळतं.

आता चपलांचं. ज्यांनी भाऊंना काम करताना बघितलंय त्यांना ठाऊक असेल. गाडी कितीही अडचणीत असो, लोक कितीही ओरडोत, भाऊ हुकाला हात लावायच्या आधी केबिनमध्ये वाकतात आणि सापडतील त्या सगळ्या चपला, बूट बाहेर काढून रस्त्याच्या कडेला जोडीजोडीने मांडतात. मग प्रत्येक जोडीचा माणूस कुठे आहे ते विचारतात. माणूस सापडल्याशिवाय क्रेन हलत नाही. लोक हसतात. "देवळात आलो काय?" असं विचारतात.

हे कशामुळे, ते त्यांनी मला त्या बिरड्याच्या जेवणाला सांगितलं होतं. फार पूर्वी पेणच्या बाजूला त्यांनी कोणीतरी घाई केली म्हणून एक गाडी ओढली होती. गाडी सरकली तेव्हा खाली एक माणूस होता. तो आधीच गेलेला होता असं डॉक्टर म्हणाले. भाऊ म्हणाले, "डॉक्टर बोलले, बाय. मला कुठं ठाऊक?" त्या माणसाचं नाव त्यांनी मला सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. भाऊ त्या दिवशी जेवले कमी.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारची वेळ, कोलाडच्या अलीकडे कोंबड्यांच्या खाद्याचा ट्रक झोपला. अर्धा रस्त्यावर, अर्धा गटारात, आणि गोणी सुटून गटाराच्या बाजूला पडलेल्या. ड्रायव्हर बेशुद्ध होता, त्याला आधीच दवाखान्यात नेलेलं. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग, एस.टी.तली माणसं खाली उतरलेली, एक नवरदेव मुंडावळ्या बांधून उन्हात उभा. पोलीस साहेब म्हणाले, "माल राहू द्या. गाडी तशीच ओढून बाजूला घ्या." साहेबांचंही चुकीचं नव्हतं. रांगेत आजारी माणूसही अडकलेला असतो.

भाऊ केबिनमध्ये वाकले. एक पुरुषाची चामडी जोडी निघाली. ती ड्रायव्हरची, त्याला अनवाणीच नेल्याचं लोकांनी सांगितलं. मग बायकी चप्पल निघाली. एकच. डाव्या पायाची, लाल पट्ट्याची.

भाऊ ती हातात धरून उभे राहिले.

साहेब म्हणाले, "अहो, असेल पडलेली जुनी. चला, चला."

"जुनी नाय साहेब. तळ गरम हाय अजून."

"मग उन्हाने असेल! एका चपलेसाठी एवढा हायवे थांबवताय?"

भाऊ म्हणाले, "साहेब, एकच हाय, म्हंजे दुसरी पायात हाय."

ते ऐकून आम्हा सगळ्या जणींना गोणींच्या ढिगाकडे बघवेना. गाडी ओढली असती तर राहिलेला सगळा माल त्याच बाजूला घसरला असता. नवरदेवाकडचं कोणीतरी ओरडलं, "क्रेनवाल्या, मुहूर्त टळतोय!" साहेब म्हणाले, "तुम्हाला जमत नसेल तर दुसरी क्रेन बोलावतो." तेव्हा भाऊंनी क्रेन रस्त्याला आडवी घातली, तिची चावी काढली आणि माझ्या हातात दिली. "ही चावी बायकडं. बाय बोलेल तवाच गाडी हलंल." आणि सदरा काढून ते स्वतः गोणींना भिडले.

मी चावी पोलक्यात टाकली. साहेब माझ्यासमोर उभे. खाली कोणीच निघालं नाही तर? भाऊंची क्रेन बंद पडेल, आमचं काम जाईल, आणि सगळा हायवे आम्हाला हसेल. आणि कोणी असलं आणि जिवंत नसलं तर भाऊंचं काय होईल, हे मला त्या जेवणामुळे ठाऊक होतं.

सात जणी आणि भाऊ. त्या दिवशी रास कोणी रचली नाही, गोणी मिळेल तिकडे टाकल्या. मग तो नवरदेव आला, मुंडावळ्या कानामागे सारल्या आणि गोणीचं दुसरं टोक धरलं. त्याच्यामागून वऱ्हाडी आले. शेवटी साहेबांनीही टोपी काढून माझ्याजवळ दिली. चावी आणि टोपी सांभाळत मी उभी.

गटाराच्या कडेला ताडपत्रीची घडी अडकली होती आणि तिच्यामुळे पोकळी राहिली होती. रखमाने हात घातला आणि किंचाळली, "पाय हाय! गरम हाय!"

उजवा पाय होता. लाल पट्ट्याची चप्पल पायात.

ड्रायव्हरची बायको होती ती. मांडीचं हाड मोडलेलं, तोंड खाद्याच्या भुशाने भरलेलं, पण श्वास चालू. लांबच्या मुलखातली, तिची भाषा आम्हाला येईना. तिने माझा हात धरला आणि काहीतरी विचारलं. मी आपलं "हाय गो, हाय" म्हणत राहिले. नवराच विचारत असणार, दुसरं काय? आणि तो होता, बराही झाला. तिला दवाखान्याच्या गाडीत घातलं तेव्हा भाऊंनी रस्त्याकडेची ती डावी चप्पल तिच्या उशाशी ठेवली. मग माझ्याकडे हात पसरला. "दे चावी, बाय. लय जाम झालाय." एवढंच बोलले. पण त्या संध्याकाळी टेम्पोत ते गात होते. भाऊंचा गळा चांगला नाही, हेही गौरव अंकात असू द्या.

ती बाई पुढच्या वर्षी चालत आली, जरा लंगडत. भाऊंच्या पाया पडायला लागली तर भाऊ क्रेनमागे जाऊन लपले.

अष्टमीच्या वहिनी, म्हणजे भाऊंच्या मंडळी, मला एकदा म्हणाल्या, "फोन आला की हे जातात. मी काय विचारत नाय. दर खेपेला दारात येऊन बघते, ह्यांच्या चपला दिसल्या की भाताला आधण ठेवते." तेव्हा मला वाटलं, आम्ही सगळ्यांच्या चपला बघतो, भाऊंच्या चपला बघणारी ही एकटीच.

म्हणून समितीची शाल, नारळ आणि मानपत्र होऊ द्या. आम्ही आठ जणींनी मिळून भाऊंसाठी रोह्यातून चपलांची जोडी घेतली आहे. माप वहिनींनी गुपचूप दिलं. हे छापून येईल तोवर कार्यक्रम झालेला असेल, म्हणून लिहायला हरकत नाही.

भाऊ, तुम्ही काम सोडा असं मी म्हणणार नाही, तुम्ही ऐकणार नाही. गुडघ्याला तेल लावत जा. ह्या जोडीचे तळ झिजले की दुसरी घेऊ, ती झिजली की तिसरी, अशा पुष्कळ झिजवा. आणि फोन कुठूनही येवो, पेणहून येवो नाहीतर कोलाडहून, काम झालं की दोन्ही चपला तुमच्याच पायांत अष्टमीच्या दारात उतरू देत. वहिनींनी आधण ठेवलेलं असेल.