गोळ्या की सलाईन

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन पार पडलं आणि पुढची औषधं ठरवायला मुलगा मला दवाखान्यात घेऊन निघाला. गाडीतच त्याने बजावलं की तिथे तो बोलेल. म्हणून दाखवायला आणलेल्या मुलीसारखी मी खाली मान घालून बसले. पंच्याहत्तरीत तीही हौस फिटली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दोन वाटा सांगितल्या: नुसत्या गोळ्या, किंवा गोळ्यांबरोबर सलाईनमधून आणखी एक औषध. मुलगा लगेच म्हणाला, भारीतलं असेल ते द्या. आमच्याकडे साडी असो की सिमेंट, भारीतलं तेच चांगलं.

बाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि विचारलं, दिवसभर काय करता? "काही नाही, आराम," मुलगाच म्हणाला. मला संताप आला. पंचवटीत मी एकटी राहते. बाजारातून मेथी आणून निवडते, भाकरी थापते, गल्लीतल्या सुनांच्या साड्यांना फॉल लावून देते. आरामाला वेळ कुठे आहे? सगळं सांगून टाकलं.

मग बाई स्पष्ट बोलल्या. सलाईनच्या औषधाने बोटांना मुंग्या येतात, काहींची बोटं कायमची बधिर राहतात. माझ्या वयात त्याचा जादा फायदा थोडाच. थोडा म्हणजे अजिबात नाही असं नव्हे, हेही त्यांनी लपवलं नाही.

सुई ओवता आली नाही तर एक वेळ चालेल. पण ब्लाऊजचे हुक लावायला रोज कुणाला हाक मारायची? म्हणजे मुलाकडे जाऊन राहायचं. सून गुणाची आहे, पण माझं घर ते माझं घर.

"मला नुसत्या गोळ्या द्या," मी म्हणाले.

मुलाचा चेहरा उतरला. "आई, दुखणं पुन्हा उलटलं तर मला जन्मभर वाटत राहील, मी कमी पडलो."

भीती मलाही होतीच. पण त्याच्या मनाच्या समाधानासाठी मी ते औषध घेणार नव्हते.

"तू कुठेही कमी पडला नाहीस. उलटलं तर सगळ्यांना सांग, आईनं ठरवलं होतं."

बाईंनी त्यालाही विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्याने माझ्या हातांकडे बघितलं.

"बोटं तिची आहेत," तो म्हणाला. "गोळ्याच लिहा."