ट्रक जोरात गेला

उन्हात तापलेल्या ताडपत्रीचा वास आला की मला शहराबाहेरच्या वाडी गावातल्या गोदामापुढची ती सकाळ आठवते. मॅट्रिकची विज्ञानाची तोंडी परीक्षा शहरात, धरमपेठेतल्या शाळेत होती, ती हुकली तर वर्ष वाया, आणि माझी नेमकी बस चुकली. गोदामात हमाली करणारे बाबा म्हणाले, "काहून रडून राहिली वं? शहराकडं जाणाऱ्या ट्रकात बस न!" तोंड शहराकडं असलेला ट्रक पाहून मी मागं ताडपत्री टाकलेल्या कापडाच्या गठ्ठ्यांवर चढले आणि पुस्तकात डोकं घातलं. ट्रक कधी वळला, कळलंच नाही. मान वर केली तर दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा! मी केबिनवर धडाधड हात आपटले. ड्रायव्हर खाली उतरून कपाळ बडवत म्हणाला, "अवं पोरी, हा तर अमरावतीले जाऊन राहिला!" त्यानंच शहराकडं निघालेल्या एका गवळ्याला थांबवून मला त्याच्या सायकलवर बसवलं. दुधाच्या कॅन खडखडवत, रखडत आम्ही पोचलो तेव्हा माझंच नाव पुकारत होते. परीक्षकांनी विचारलं, "चाल आणि वेग, फरक काय?" मी धापा टाकत म्हणाले, "सर, ट्रक जोरात होता, पण उलट्या दिशेनं. सायकल हळू होती, पण इकडं येत होती." "बरोबर, वेगाला दिशाही लागते," म्हणत ते खो खो हसले आणि त्यांनी गुण मांडले. संध्याकाळी बाबांनी कौतुकानं विचारलं, "ट्रक जोरात गेला ना वं?" "खूप जोरात, बाबा," मी म्हणाले. आजही वाटतं, त्यात खोटं काय होतं? दिशा त्यांनी विचारलीच नव्हती.