ओट्यावरची बरणी

वासुदेव खानविलकरला हातात काही काम नसलं की करमत नाही. सुट्टीच्या दिवशी त्याला सोफ्यावर बसवलं, तर थोड्या वेळाने तो दाराच्या बिजागरीला तेल घालताना सापडतो. दुबईतल्या अल क्वोज भागात एका वर्कशॉपमध्ये तो हॉटेलांच्या स्वयंपाकघरांसाठी स्टीलचं सामान करून घेतो. दिवसभर ओटे, सिंक, मांडण्या. संध्याकाळी इंटरनॅशनल सिटीतल्या आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आला की पुन्हा तेच, फक्त लहान मापाचं. त्याची बायको अनुपमा नर्स आहे. ती म्हणते, "मी माणसं सांभाळते, हा भांडी सांभाळतो."

हा भांड्यांचा नाद त्याला इंग्लंडमधल्या डर्बीत लागला. अनुपमाला तिथल्या एका हॉस्पिटलात नोकरी मिळाली, आणि वासुदेव तिच्यामागोमाग जाऊन वर्षभर घरी बसला. शेजारचे एक म्हातारे गृहस्थ गॅरेजमध्ये एल बनवायचे. एल म्हणजे तिकडची जुन्या वळणाची बिअर, तांबूस, बेताच्या फेसाची, फार गार न करता प्यायची. वासुदेवने आधी त्यांच्या पिंपाची गळकी तोटी नीट करून दिली आणि मग त्यांचा चेलाच होऊन बसला. पिण्याचं त्याला तितकंसं नव्हतं. एक ग्लास झाला की तो पेंगायला लागतो. त्याला गोडी होती ती करण्याची, आणि तीही अगदी दाण्यापासून करण्याची. डब्यातला आयता पाक वापरणाऱ्यांबद्दल तो अजूनही असं बोलतो की त्यांनी जणू लग्नात पॅकेटमधली आमटी वाढली.

डर्बीहून अनुपमाची नोकरी दुबईला आली, आणि भांडीही आली. इथे मात्र घरी बिअर करायला परवानगी नाही. ही गोष्ट वासुदेवला माहीत होती, अनुपमाला तर त्याहून जास्त माहीत होती. कुणी एक फोन केला तर दोघांचा व्हिसा जाणार, हे ती दर महिन्याला त्याला सांगायची. तो दर महिन्याला मान हलवायचा आणि शनिवारी जव भिजत घालायचा. शहाण्या माणसाला एक खूळ असतं, आणि ते नेमकं जिथे नसावं तिथेच असतं.

जव तो बकऱ्यांचं खाद्य विकणाऱ्या दुकानातून आणायचा. मटकीला आणतात तसे फडक्यात मोड आणायचे, गॅलरीत वाळवायचे, मंद भाजायचे, भरडायचे. मग ती भरड गरम पाण्यात घालून पिकनिकच्या थर्मास पेटीत तासभर झाकून ठेवायची, म्हणजे दाण्यातला गोडवा पाण्यात उतरतो. सुरुवातीला चोथा तळाशी गच्च बसायचा आणि तोटीतून थेंब निघायचा नाही. वासुदेवने वर्कशॉपमधल्या भोकं पाडलेल्या पत्र्याचा तुकडा कापून पेटीला आतून दुसरा तळ बसवला, तेव्हापासून पाणी कसं झुळझुळ यायला लागलं. इथलं पाणी समुद्राचं गोडं केलेलं, चवीला अगदी सपक. त्यात तो चव यावी म्हणून चिमूटभर जिप्समचा क्षार घालायचा. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून थंड नळालाही चटका बसेल असं पाणी येतं, त्यामुळे त्याचा कारभार फक्त थंडीतला. दर हंगामाला काहीतरी नवी सुधारणा निघायचीच.

तळमजल्यावर हमदुल्ला राहतो. रत्नागिरीकडचा, अल क्वोजलाच टायरच्या गोदामाचा मॅनेजर, वासुदेवपेक्षा वयाने मोठा. दोघं रोज हमदुल्लाच्या गाडीतून कामाला जातात. दिवसाचे दोन तास शेजारी शेजारी बसून जी मैत्री होते ती लहानपणच्या मैत्रीलाही ऐकत नाही. हमदुल्ला पाच वक्ताचा नमाजी. ऑफिसच्या पार्टीतून येताना कुणी लिफ्ट मागितली तर आधी विचारणार, "प्यालायस काय?"

पहिल्याच हिवाळ्यात जवाचा वास जिन्याने खाली गेला, आणि हमदुल्लाची बायको कुलसुम वर विचारायला आली, काय शिजतंय एवढं खमंग म्हणून. वासुदेव गडबडला. त्याने पेटीतून नुकतंच उतरलेलं गोड पाणी ग्लासात भरून तिच्या हातात दिलं. "जवाचं सरबत आहे, भाभी. तब्येतीला चांगलं."

हे खोटं नव्हतं. आंबवणारं यीस्ट पडेपर्यंत ते निव्वळ जवाचं गोड पाणीच असतं, त्यात नशेचं काहीही नाही. कुलसुमने त्यात दूध आणि वेलची घातली, हमदुल्लाने तीन ग्लास रिचवले, आणि तेव्हापासून दर वेळी एक बरणी खाली जायला लागली. उरलेल्याचं वर काय होतं हे कुणी विचारलं नाही, आणि वासुदेवने सांगितलं नाही. अर्धं खरं सांगण्याची सोय अशी, की माणसाला आपण खोटं बोलतोय असं वाटतच नाही.

यंदाच्या रमजानात हमदुल्लाची मुलगी सबा, सहावीतली, पहिला रोजा धरणार होती. पहिला रोजा म्हणजे घरात लग्नाइतकी धांदल. तिने आधीच सांगून ठेवलं होतं, "वासू अंकल, आय वॉन्ट युअर जव सरबत फॉर माय इफ्तार." वासुदेवला कोण आनंद झाला. त्याने तिच्यासाठी खास बरणी भरली आणि जपून फ्रिजमध्ये ठेवली.

तेवढ्यात यंदाची सुधारणा आडवी आली. इंग्लंडहून कुणाच्या तरी बॅगेतून आलेलं यीस्ट प्रवासात अर्धमेलं झालं होतं, म्हणून आधी थोड्या गोड पाण्यात त्याला जागं करून मग मोठ्या पिंपात सोडायचं, असं त्याने ठरवलं. अनुपमा त्याला विरजण म्हणायची. विरजणाला ऊब हवी, म्हणून ती बरणी ओट्यावर. बरणी तशीच, पाण्याचा रंगही तसाच. इतकी वर्षं सरबताची बरणी ओट्यावरच निवायची. सकाळी शारजाच्या साइटवर निघताना जिभेने सवयीने सांगून टाकलं, "अनु, ओट्यावरची बरणी खाली दे हं."

शारजातलं काम उरकून तो दुपारी परत निघाला तेव्हा इफ्तारच्या आधीची गर्दी रस्त्यावर लोटली होती. गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. बसल्या बसल्या त्याने ड्युटीवरच्या अनुपमाला फोन केला, घरी गेलीस की ओट्यावरची बरणी जरा हलव, एवढंच सांगायला.

"कुठली बरणी?" अनुपमा म्हणाली. "ओट्यावरची सकाळी सबा घेऊन गेली. तूच सांगितलंस ना?"

म्हणजे खाली गेली ती विरजणाची. सबा पहिला रोजा सोडणार आणि तोंडात पहिला घोट जाणार तो आंबलेल्या, दारू होऊ लागलेल्या पाण्याचा. तोही त्याच्या हातचा. त्याने कुलसुमला फोन लावला, उचलला नाही. हमदुल्लाला लावला, फोन बंद. घाईघाईत आवाजी निरोप टाकला, "भाभी, ते सरबत देऊ नका, खराब झालंय," आणि पाठवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण घाबरतानासुद्धा खोटंच बोललो. निरोप पोचल्याची दुसरी खूण काही उमटेना. पुढच्या गाडीच्या मागच्या काचेकडे बघत त्याने गणपतीपासून रत्नागिरीच्या दर्ग्यापर्यंत सगळ्यांना हात जोडले.

इंटरनॅशनल सिटीत शिरला तेव्हा मगरिबच्या, रोजा सोडायच्या अजानला थोडाच अवकाश होता. वर्कशॉपची गाडी वेडीवाकडी लावून तो धावत तळमजल्यावर गेला. दार कुलसुमनेच उघडलं, डोक्यावर ओढणी, हाताला भज्यांचं पीठ.

"भाभी, ती बरणी..."

कुलसुमचा चेहरा पडला. "मला माफ करा, वासूभाई. तुमचं सरबत नासलं ओ. मघाशी झाकण उघडलं तर फस्सकन आवाज, वर फेस, आंबट वास. सिंकमध्ये ओतलं मी. तुम्ही एवढ्या मायेने दिलेलं."

वासुदेव दाराच्या चौकटीला टेकला. त्याला हसू येत होतं. ओतलं. कुणी प्यायलं नाही. आयुष्यात कधी कुणी त्याची मेहनत सिंकमध्ये ओतली आणि त्याला इतकं बरं वाटलं, असं झालं नव्हतं. खलास, सुटलो. आता हातपाय धुऊन इफ्तारला येतो म्हणावं आणि जिना चढावा, एवढंच उरलं होतं.

मग त्याला आतून हुंदका ऐकू आला.

"काही नाही ओ," कुलसुम म्हणाली. "सबाला बोलले मी. सकाळी बरणी आणली आणि गॅलरीत उन्हात विसरली असणार. एक काम सांगितलं होतं. आजच्या दिवशीसुद्धा ध्यान नाही पोरीला."

सबा सोफ्याच्या कोपऱ्यात बसली होती. नवा पांढरा ड्रेस, हातावर मेंदी, नाक लाल. "आय पुट इट इन द फ्रिज, अंकल," ती म्हणाली. "आय स्वेअर. नोबडी बिलीव्ह्ज मी. अँड आय ॲम फास्टिंग, आय कान्ट लाय."

वासुदेवने एकदा जिन्याकडे पाहिलं. वर जायला कुणीही अडवत नव्हतं. पण दिवसभर घोटभर पाणी न प्यालेली ती पोर त्याच्या चुकीची बोलणी खाऊन रडत होती, आणि ते बघून वर जाणं त्याला जमेना. हमदुल्ला नमाजाआधीचं वजू करून ओल्या हातांनी बाहेर आला, तसा वासुदेव त्याला म्हणाला, "सबाची काही चूक नाही. ती बरणी सरबताची नव्हतीच. चुकून दुसरी आली. वर मी बिअर बनवतो, हमदुल्लाभाई. त्याचं विरजण होतं ते."

कढईतलं तेल तेवढं आवाज करत होतं.

"कधीपासून?" हमदुल्लाने विचारलं.

"इथे आल्यापासून."

"आणि आम्ही पीत होतो ते?"

"ते फक्त जवाचं पाणी. आईची शपथ. त्यात कधी काही नव्हतं. आजच चुकलं."

हमदुल्ला त्याच्याकडे बघत राहिला. रागापेक्षा ते वाईट होतं. मग मशिदीतून अजान सुरू झाली, आणि त्याने मुलीला हाताला धरून चटईवर बसवलं. "आधी पोरीला रोजा सोडू दे," एवढंच तो म्हणाला.

सबाने खजूर खाल्ला, पाणी प्यायलं, आणि ग्लास खाली ठेवून ती आईकडे वळली. "सो इट वॉजन्ट मी." कुलसुमने पिठाच्या हातांनीच तिला जवळ घेतलं. "नाही गं माझी बाय. माझं चुकलं." वासुदेव कुणी बस म्हणेल म्हणून थांबला नाही. तो हळूच दार ओढून वर गेला. अनुपमा आल्यावर त्याने सगळं सांगितलं. ती रागवेल असं त्याला वाटलं होतं, पण ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "बरं झालं रे. मला किती वर्षांत नीट झोप नाही लागली."

रविवारी त्याने पिंप रिकामं केलं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. दाराची बेल वाजली की पिंपावर चादर टाकायला धावण्याचा त्याला अचानक फार कंटाळा आला होता. वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण दुपारी बेल वाजली, कुणीतरी पत्ता चुकलं होतं, आणि दार उघडताना आपली छाती धडधडत नाही हे त्याच्या ध्यानात आलं.

सोमवारी गाडी असेल की नाही, या विचारात तो खाली उतरला. गाडी उभी होती, इंजिन चालू. हमदुल्लाने मान न वळवता दार उघडलं. अल क्वोज जवळ आलं.

"कुलसुमने ओतलंच होतं," हमदुल्ला शेवटी म्हणाला. "तू बोलला नसतास तर आम्हाला कळलं नसतं."

"सबा रडत होती."

"हो. म्हणूनच तू आज या गाडीत बसलायस." त्याने सिग्नलला गाडी थांबवली. "मला लागलं, वासू. वर काय करतोस ते तुझं तू बघ, मी पोलीस नाही. पण इतकी वर्षं माझ्या बाजूला बसलास आणि मला सांगितलं नाहीस."

"पिंप काल रिकामं केलं," वासुदेव म्हणाला. "आणि चुकलो. तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं."

"पोरगी सरबत मागते," हमदुल्ला म्हणाला. "कुलसुम म्हणते, तुमच्या घरातलं आता नको. आमच्या चुलीवर, आमच्या भांड्यात, आमच्यासमोर करा. शनिवारी येतोस?"

"येतो."

"यल्ला, उतर मग. उशीर होतोय."

शनिवारी दुपारी वासुदेव मोड आलेल्या वाळल्या जवाची पिशवी घेऊन खाली गेला. कुलसुमने नवं पातेलं घासून ठेवलं होतं. ती हाताची घडी घालून शेजारी उभी राहिली आणि तो काय काय टाकतो ते बघत राहिली, म्हणून तो प्रत्येक गोष्ट सांगून टाकत होता. सबा थर्मामीटर धरून "सिक्स्टी सिक्स, अंकल, डोन्ट मेक इट हॉटर," असं त्यालाच दटावत होती. पातेलं जाड चादरीत गुंडाळून तासभर ठेवलं, मग कुलसुमच्या मलमलीच्या ओढणीतून गाळलं. दूध आणि वेलची कुलसुमने आपल्या हाताने घातली.

अजान झाली. सगळ्यांनी खजूर घेतले, वासुदेवच्याही हातावर एक ठेवला गेला. सबाने लगेच सरबताच्या ग्लासाकडे हात नेला, तसा हमदुल्लाने तो उचलला. कुलसुम आणि वासुदेव दोघं बघत होते. हमदुल्लाने वास घेतला नाही. त्याने एक मोठा घोट घेतला, मिशी पुसली आणि ग्लास मुलीच्या हातात दिला.