अमेरिकेतलं गवत आणि बेपत्ता तात्या

ती घटना आठवली की आजही मला आमच्या ठाण्याच्या आवारातलं वाढलेलं गवत आधी दिसतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांचे कागद करता करता केस पिकले. तरी कुणी आठवण सांगा म्हटलं की मी हाच तपास सांगतो. यात कुणाला शिक्षा झाली नाही की मला बक्षीस मिळालं नाही, पण सांगताना बरं वाटतं. माणसं हयात आहेत, म्हणून नावं लिहीत नाही.

मी तेव्हा केज तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. दिवाळी होऊन गेली होती आणि वार्षिक तपासणी तोंडावर आली होती. एका सकाळी नांदूरघाटाकडच्या गावातला एक शेतकरी खबर द्यायला आला. त्याचे चुलते दोन दिवसांपासून घरी नव्हते. वय सत्तरीच्या पुढे, बायको वारलेली, सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं. एकुलता एक मुलगा अमेरिकेत. त्याच्याकडे सहा महिने राहून तात्या महिन्यापूर्वीच परतले होते. आम्ही मनुष्य मिसिंग दाखल केली, बिनतारी संदेश दिला, आसपासच्या विहिरी पाहिल्या, एसटी स्टँडवर फोटो लावला.

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. शिकागोपासून तासाभरावरच्या एका उपनगरात तो राहत होता. आवाजावरून रात्रभर झोपलेला नसावा.

"साहेब, मी पुढच्या आठवड्यात तात्यांना कायमचं न्यायला येतोय. तिकिटं काढलीत. आणि ते आत्ताच गायब होतात? जमीन चुलतभाऊ कसतो. त्याच्यावर अपहरणाचा गुन्हा दाखल करा."

खोटं कशाला सांगू, मला ते पटलं. आमच्या जिल्ह्यात जमिनीचा विषय निघाला की पोलिसाचे कान टवकारतात. खबर देणाऱ्या त्या पुतण्यालाच मी तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठाण्यात बसवून ठेवलं. तो एकच सांगायचा, "सायेब, सकाळी भाकरी दिली म्या त्यास्नी. दुपारी बगतो तर घराला कडी." घरून आलेला त्याचा डबा रोज न उघडता परत जायचा. ते मला दिसत होतं, पण मी त्याचा अर्थ उलटा लावला. मनात चोर आहे म्हणून घास उतरत नाही, असं मी धरून चाललो.

तपासाला खरी वाट दाखवली ती आमच्या हवालदारानं. पिकलेला माणूस. म्हणाला, "साहेब, म्हातारं माणूस घर सोडेल, पण बीपीची गोळी सोडणार नाही." त्यानं पुतण्याकडून गोळ्यांचं नाव घेतलं आणि मेडिकलवाल्यांना फोन लावत बसला. पाचव्या दिवशी आमच्याच जिल्ह्यातल्या पालीहून एका दुकानदाराचा फोन आला. लाल फेट्याच्या एका मेंढपाळानं रिकामं पाकीट दाखवून त्याच गोळ्या नेल्या होत्या, त्याही महिन्याभराच्या. हवालदार जाऊन त्याला घेऊन आला.

हा मेंढपाळ तात्यांच्याच वयाचा. दरसाल त्याची मेंढरं तात्यांच्या रानात खतासाठी बसायची, त्यामुळे दोघांची जुनी दोस्ती. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि चेहरा असा की जणू ठाणं म्हणजे त्याच्या मावशीचं घर.

"गोळ्या कुणाच्या?"

"माज्याच हायेत."

"बीपी किती आहे?"

"डाक्टरला ठावं."

"तात्या कुठं आहेत?"

"तात्या अमेरिकेला गेलते. तवापासून आमची भेट न्हाई."

दोन तास गेले. हुशार माणूस चौकशीत लवकर सापडतो, कारण त्याला बोलल्याशिवाय राहवत नाही. जन्मभर मेंढरांमागं फिरलेल्याला गप्प बसायचं ओझं नसतं. माझाच घसा कोरडा पडला. मी चहा मागवला.

बाहेर तपासणीसाठी आवाराची साफसफाई चालली होती. होमगार्डच्या पोरांनी गवत कापून ढीग घातला होता आणि एकजण काडी ओढत होता. खिडकीतून ते दिसताच मेंढपाळ ताडकन उठला.

"आरं, जाळताय कावून? हिरवं हाय त्ये! तुमी बी अमेरिकावाले झालात काय?"

मी पेन खाली ठेवला. सहज विचारल्यासारखं विचारलं, "अमेरिकेत गवत जाळतात का, मामा?"

"जाळत न्हाईत, त्याच्यापरीस वंगाळ! दर घराम्होरं गवत, लई हिरवंगार, अन् खायला येक शेरडू न्हाई. वाढू दिलं तर नगरपालिकेची नोटीस येती. मग मशीननं कापायचं, कागदाच्या पिशवीत भरायचं अन् सडकंला ठिवायचं. गाडी येती अन् घिऊन जाती. आपुनच पानी घालायचं, आपुनच फेकायचं! ह्याला काय म्हनावं, सायेब?"

मी चहाचा कप त्याच्याकडे सरकवला आणि मान डोलवत राहिलो. मग त्याची गाडी थांबेना. तिथं घरांना कंपाउंड नाही, बांध नाही, तरी बांधावरून भांडण नाही. चालायला फरसबंद वाट आहे, पण चालणारं कुणी नाही. बदकांची रांग रस्त्यात आली की सगळ्या मोटारी थांबतात. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दहा वाजता वादळाचा भोंगा वाजतो, तो नुसता तपासायला, म्हणून कुणी घाबरत नाही. वाचनालयात कुणीही जाऊन बसावं, का आलात म्हणून विचारत नाहीत. अनोळखी माणूस समोर आला तर हसतो. आणि शेवटची गल्ली संपली की मका सुरू होतो, तो नजर पोचेपर्यंत मकाच. मुलानं मला त्या गावाचा नुसता पत्ता दिला होता. गाव दाखवलं ते या माणसानं, ज्यानं आयुष्यात विमान पाहिलं ते खालून.

"मामा, एवढं सगळं कुणी सांगितलं?"

कप हातात तसाच राहिला. "तात्यानं… फोनवर."

"फोन दाखवा बरं."

त्याचा हात बंडीच्या खिशात गेला आणि तंबाखूची पिशवी घेऊन बाहेर आला. तो खाली बसला. "सायेब, त्येनं कायबी गुन्हा केला न्हाई. पर तेवढं त्येला इमानात घालू नगा."

पालीच्या पुढं, कपिलधारच्या डोंगराकडच्या उतरणीला मेंढरांचा तळ होता. तात्या बाभळीला आरसा अडकवून दाढी करत होते. अर्ध्या तोंडाला फेस. जीप बघून पळणं नाही की दचकणं नाही. म्हणाले, "आलात व्हय? बसा, दुसरा गाल उरकतो."

ठाण्यात आणून मी आधी मुलाला फोन लावला. वडील सुखरूप आहेत म्हटल्यावर तो रडलाच. फोन तात्यांकडे दिला. "बरा हाय… जेवलो… हां, येतो की. काढलीत न्हवं तिकिटं? मग येतो." मी बघतच राहिलो. ज्या माणसानं विमान चुकवायला आठवडाभर रानात मुक्काम केला, तो मुलाच्या आवाजापुढं मेणाचा झाला होता.

फोन ठेवला आणि जबाब घ्यायला बसलो. आमचे जबाब ठरलेल्या ओळीनं सुरू होतात, तशी ती लिहिली आणि सवयीनं मोठ्यानं वाचली: ‘समक्ष विचारल्यावरून सांगतो की…’

तात्या म्हणाले, "इचारल्यावरून लिवलंय व्हय? मग इचारा की."

एवढ्या वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी विचारलं, "तात्या, तुम्हाला कुठं राहायचंय?" ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. सही झाल्यावर त्यांच्या परवानगीनं पुन्हा फोन लावला आणि मुलाला तो कागद वाचून दाखवला.

‘मुलगा व सून मला चांगले वागवतात. तेथील गाव नेटके आहे, लोक चांगले आहेत, माझी तक्रार नाही. दोघे कामावर गेल्यावर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलणारे कोणी नसते. मी रोज मक्याच्या शेतापर्यंत चालत जात असे. एकदा तेथील तण उपटत असताना पोलिसांनी मला गाडीतून घरी सोडले. ते नम्र होते. मी पाहुणा म्हणून पुन्हा जाईन. कायमचे राहायचे नाही. मुलाला वाईट वाटेल म्हणून मी त्यास सांगू शकलो नाही व मेंढरांकडे निघून गेलो. पुतण्याचा यात काही दोष नाही.’

मुलानं शेवटपर्यंत ऐकलं. मग तो म्हणाला, "साहेब, फोन त्यांना द्या." आतापर्यंत माझ्याशी शहरी बोलणारा तो पोरगा एकदम गावाकडचं बोलला. "तात्या, मला म्हनायचं की वो, न्हाई येत म्हनून."

"तू रागावला असता."

"रागावलो असतो की. दोन दिस."

तात्या हसले आणि उपरण्यानं डोळे पुसले. माझा हवालदार उगाच फायली आवरायला लागला.

मिसिंग रजिस्टरला ‘मिळून आले’ अशी नोंद झाली. सज्ञान माणूस, स्वतःच्या मर्जीनं गेलेला, त्याला कुणाच्या ताब्यात द्यायचा प्रश्न नव्हता. पुतण्याच्या घरी मात्र मी स्वतः गेलो आणि चूक झाली म्हणून सांगितलं. वर्दीला हे शब्द जड जातात. तो म्हणाला, "जाऊ द्या सायेब, तात्या घावले ना," आणि मला जेवायला बसवलं. माझ्यासमोर तोही पोटभर जेवला.

या तपासानं मला काय शिकवलं? जन्मभर मी माणसांना विचारलं, कुठं होतास, काय केलंस, सोबत कोण होतं. तुला काय हवंय, हे क्वचित विचारलं. आणि ज्यांच्यावर जीव असतो त्यांना नाही म्हणणं दरोडेखोराला पकडण्याहून अवघड असतं, हेही मला त्या दिवशी कळलं. निवृत्त झाल्यावर पुण्याच्या माझ्या मुलीनं, "बाबा, आता कायमचे इकडेच या," म्हटलं, तेव्हा जिभेवर ‘बघू’ आलं होतं. ते गिळलं. नाही म्हणालो, आणि का ते नीट सांगितलं. ती थोडी रडली. मग नाक ओढत म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. मी उद्यापासून तुमची खोली रंगवायला काढणार होते."